मराठवाड्यातील इब्री नावे

खुलताबादेस हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात ज्या पुरुषाची कबर आहे, त्याच्या वाट्याला एका आयुष्यात जितकी नावे आली, तितकी फार थोड्यांच्या वाट्याला येत असतील. जन्माचे नाव मीर कमरुद्दीन. औरंगजेबाने दिलेला किताब चिनकिलीचखान. फर्रुखसियर तख्तावर आल्यावर मिळालेला निजामुल्मुल्क. आणि या सर्वांवर मुहम्मदशहाने चढविलेला कळस म्हणजे आसफजाह. २८ फेब्रुवारी १७२८ रोजी वैजापूर तालुक्यातील पालखेडास बाजीरावाने ज्याला पाणी तोडून कोंडीत धरले तो हाच पुरुष असल्यामुळे मराठी वाचकास तो नुसत्या 'निजाम' या नावाने पुरता परिचित आहे, आणि १७४८ साली बऱ्हाणपुरास त्याचा अंत होऊन देह खुलताबादेस आणला गेला हेही अनेकांच्या वाचनात असेल. परंतु त्याच्या घराण्याने सव्वादोनशे वर्षे आपल्या सनदांवर, शिक्क्यांवर आणि नाण्यांवर मिरविलेला 'आसफ' हा शब्द अरबी नव्हे, फारसी नव्हे, तुर्की तर नव्हेच, तो यहुद्यांच्या प्राचीन इब्री भाषेतला आहे, याची जाणीव त्या घराण्याच्या प्रजेस, म्हणजे आपल्या आज्यापणज्यांस, कितपत असावी हा प्रश्नच आहे.

बायबलाच्या जुन्या करारात आसाफ येतो तो गायक म्हणून. दावीद राजाने कराराचा कोश यरुशलेमेस आणविला, त्या प्रसंगी लेवी वंशातील गायक-वादकांच्या नेमणुका झाल्या, आणि त्यांत बरेख्याचा पुत्र आसाफ याच्याकडे पितळी झांजा आल्या. पुढे तोच त्या गायकवर्गाचा प्रमुख झाला आणि स्तोत्रसंहितेतील पन्नासावे स्तोत्र व त्र्याहत्तर ते त्र्याऐंशी ही अकरा, अशी बारा स्तोत्रे त्याच्या नावावर नोंदली गेली. राज्यकारभाराशी त्याचा संबंध बायबलात कोठेही येत नाही. इस्लामी परंपरेत मात्र दावीदाचा पुत्र शलमोन याची, म्हणजे हजरत सुलेमानाची, कथा विस्तारत गेली, तसतसा त्या दरबारास साजेसा वजीर हवा झाला. शेबाच्या राणीचे सिंहासन पापणी लवण्याच्या आत सुलेमानापुढे आणून ठेवणारा 'ग्रंथाचे ज्ञान असलेला' एक पुरुष कुराणात येतो; त्याचे नाव तेथे दिलेले नाही. भाष्यकारांनी ते दिले: आसफ बिन बरखिया. बापाचे नाव इतक्या लांबच्या प्रवासातही जसेच्या तसे टिकले, आणि मुलाच्या हातातल्या झांजा जाऊन तेथे वजिरीचा शिक्का आला. फारसी दरबारी भाषेत मग आसफ हे आदर्श प्रधानाचे उपनामच बनले. नूरजहानच्या भावास आसफखान म्हणत ते याच अर्थाने, आणि 'जाह' म्हणजे दर्जा, तेव्हा आसफजाह म्हणजे साक्षात् सुलेमानाच्या वजिराच्या दर्जाचा. औरंग या फारसी शब्दाचा अर्थ सिंहासन. सिंहासनावरून नाव पडलेल्या औरंगाबाद शहरी सिंहासन उचलून आणणाऱ्याच्या नावाचा सुभेदार नांदावा, हा योगायोग आहे आणि त्यास योगायोगाहून अधिक मान देऊ नये, एवढे भान ठेवून तो येथे नमूद करतो.

हैदराबाद राज्याचे दरबारी नाव 'दौलत-ए-आसफिया' असे होते. हाली शिक्क्याच्या ज्या रुपयाने पैठणच्या शेतकऱ्याने सारा भरला आणि कन्नडच्या बाजारात बैल घेतला, त्या रुपयावर 'निजामुल्मुल्क आसफजाह बहादुर' अशी अक्षरे होती, आणि पोलीस कारवाईनंतरही ते चलन काही वर्षे या मुलुखात हातोहात फिरत राहिले. गंमत अशी की, इब्री भाषेत 'आसफ' या धातूचा अर्थ गोळा करणे, जमा करणे. सुगीचे धान्य घरात आणण्याच्या सणास याच धातूवरून नाव पडले आहे. जमाबंदीच्या कामी कोणतीही हयगय न करणाऱ्या त्या सरकारास याहून अन्वर्थक नाव हुडकूनही सापडले नसते. मात्र ते ठेवताना हा अर्थ कोणाच्या मनात असल्याचे काही चिन्ह नाही.

येथे इब्री नावांच्या घडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे देवाचे नाव मुलास ठेवण्याची चाल आहे. राम, विठ्ठल, खंडेराव म्हणून हाक मारली की अनायासे नामस्मरण घडते. यहुद्यांस ही सवलत नव्हती. परमेश्वराचे नाव माणसास ठेवणे त्यांच्या धर्मबुद्धीस सोसणारे नव्हते. म्हणून त्यांनी परमेश्वराविषयीचे एक वाक्यच उचलून मुलाच्या नावी बांधले. 'एल' म्हणजे देव, आणि 'या' किंवा 'याहू' हे त्यांच्या परमेश्वराच्या अनुच्चारणीय नामाचे संक्षिप्त रूप. या दोहोंपैकी एक घेऊन त्यास क्रियापद जोडले की नाव तयार होते. दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश, इश्माएल म्हणजे देव ऐकतो, जखऱ्या म्हणजे परमेश्वरास आठवण राहिली, एलिया अथवा एलियाहू म्हणजे माझा देव तो याहूच. 'नाथान' म्हणजे दिले. त्यावरून नथनेल, एलनाथान, योनाथान ही सारी नावे निघाली आणि ती सारी आपल्या देवदत्ताची सख्खी भावंडे आहेत. त्या त्या घरी त्या दिवशी काय घडले, आईने काय मागितले, कोणते संकट टळले, याचा तो एका ओळीचा दाखलाच असे.

तो दाखला वाचता आला म्हणजे कित्येक निराळी वाटणारी नावे एकमेकांजवळ येतात. खुलताबादेतच शाह राजू कत्ताल यांचा दर्गा आहे. मुहम्मद तुघलकाने दिल्ली ओस पाडून जी माणसे दौलताबादेस आणली, त्या काळातले हे साधुपुरुष. गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराज यांचे ते वडील, आणि त्यांचे मूळ नाव सय्यद युसुफ. युसुफ म्हणजे बायबलातला योसेफ. राहेलीस वर्षानुवर्षे मूल नव्हते आणि सवत असलेल्या थोरल्या बहिणीची कूस मात्र भरत होती. अखेर तिला पुत्र झाला तेव्हा ती दोन वाक्ये बोलली, असे उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात आहे. पहिले, देवाने माझे लांच्छन दूर केले. दुसरे, परमेश्वर मला आणखी एक पुत्र देवो. 'आणखी देवो' या अर्थाच्या क्रियापदावरून योसेफ हे नाव पडले, आणि 'दूर केले' यासाठी मूळ इब्रीत जे क्रियापद आहे ते 'आसफ'. कारण गोळा करून घेणे आणि काढून नेणे हे दोन्ही अर्थ त्या एकाच धातूच्या पोटी आहेत. म्हणजे युसुफ आणि आसफ ही दोन नावे एका आनंदलेल्या आईच्या तोंडून एका श्वासात निघालेली, आणि दोन्ही नावांचे पुरुष खुलताबाद या एकाच गावात, चार शतकांच्या अंतराने, विसावलेले. राहेल तिचे 'आणखी एक' मागणे फळास आले त्याच वेळी प्रसूतीत गेली; जाताना तिने मुलास बेनओनी, माझ्या दुःखाचा पुत्र, असे म्हटले, आणि बापाने ते नाव बदलून बन्यामीन, उजव्या हाताचा पुत्र, असे केले.

दक्षिणेच्या सुलतानांनी ही नावे वापरली ती मात्र अर्थाकडे पाहून नव्हे; पैगंबरांची नावे म्हणून, आणि त्या ओघात वंशवृक्षाची गंमतीदार उलटापालट झाली. विजापूरचा पहिला आदिलशहा युसुफ, त्याचा पुत्र इस्माईल, इस्माईलचा पुत्र इब्राहीम. बायबलात अब्राहाम हा योसेफाचा पणजा आहे आणि इश्माएल हा आजोबाचा सावत्र भाऊ. विजापुरास पणजोबा नातू होऊन जन्मास आला. अहमदनगरच्या निजामशाहीत इब्राहीम आणि इस्माईल हे बापलेक न राहता बुऱ्हाण निजामशहाचे दोन पुत्र झाले. त्यांतला इस्माईल कोवळ्या वयात १५८९ साली सरदारांनी गादीवर बसविला आणि दोनच वर्षांनी बापाने उतरविला. इब्राहीम बापामागे १५९५ साली गादीवर आला तो काही महिन्यांतच लढाईत पडला. शिवचरित्राच्या वाचकास वणी-दिंडोरीच्या लढाईतला दाऊदखान कुरेशी ठाऊक असतोच; तो दाऊद म्हणजे दावीद. बखरीतून वावरणाऱ्या या साऱ्या इब्राहीमखानांकडे, मुसाखानांकडे, याकूबखानांकडे आपण यावनी नावाचे सरदार म्हणून पाहतो. त्यांची नावे यवनांचीही नव्हेत आणि मूळची अरबांचीही नव्हेत, हे ध्यानात घेतले म्हणजे 'परकीय' हा शब्द किती सैल हाताने वापरला जातो हे कळून येते.

बायबलातल्या व्युत्पत्तींवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. आपल्या यास्काचार्यांप्रमाणेच तेथील कथाकारांसही व्याकरणापेक्षा प्रसंगाची संगती अधिक प्रिय होती. फारोच्या कन्येने पाण्यातून ओढून काढला म्हणून मोशे, असे निर्गमात सांगितले आहे. परंतु मिसरी भाषेत 'मोसे' म्हणजे अपत्य, आणि थुतमोसे या फारोच्या नावात तोच शब्द आहे, तेव्हा मिसरी राजवाड्यात वाढलेल्या मुलाचे नाव मिसरीच असण्याचा संभव मोठा. शमुवेलाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. हन्नेने देवळात रडून मुलगा मागितला. तो झाल्यावर, परमेश्वराजवळ मागितला म्हणून तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले. पण 'मागितलेला' याचे इब्री रूप शमुवेल नव्हे, शौल. शौल हा इस्राएलाचा पहिला राजा, ज्यास शमुवेलानेच अभिषेक केला आणि पुढे ज्याच्याशी त्याचे बिनसले. शौलाच्या जन्माची कथा कोणी तरी उचलून त्याच्या प्रतिस्पर्ध्यास नेऊन लावली असावी, असा तर्क कित्येक पंडितांनी केला आहे. नाव आणि त्याची कैफियत यांची सांधेजोड नीट बसली नाही म्हणूनच तो करता आला.

राजकारणाने नावांवर हात चालविल्याचा दुसरा दाखला त्याच शौलाच्या घरात आहे. 'बाल' या इब्री शब्दाचा अर्थ धनी, स्वामी. एके काळी तो परमेश्वरासही लावीत असावेत, आणि म्हणून शौलाच्या पुत्राचे नाव एश्बाल होते. पुढे बाल हे कनानी दैवताचे नाव म्हणून निषिद्ध ठरले, आणि शमुवेलाच्या ग्रंथात एश्बालाचा ईशबोशेथ झाला. बोशेथ म्हणजे लाज. नातवाची गत तीच: मरीब्बालाचा मफीबोशेथ. मेलेल्या राजपुत्रांच्या कपाळी शतकांनंतर लाज लिहिली गेली. परंतु इतिहासाच्या ग्रंथात, जो शमुवेलानंतर रचला गेला, जुनी नावे तशीच राहून गेली. एका दप्तरात खाडाखोड झाली आणि दुसऱ्यातली नक्कल दुरुस्त करण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, एवढ्याने ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली. गावांनाही हा न्याय चुकला नाही. ज्या बेथेलास याकोबाने उशाशी धोंडा घेऊन निजल्यावर स्वर्गास भिडलेली शिडी पाहिली, त्याचे आधीचे नाव लूज; याकोबाने त्याचे 'देवाचे घर' केले; आणि पुढे तेथे सोन्याचे वासरू पुजू लागले तेव्हा होशेय संदेष्ट्याने संतापून त्यास बेथआवेन, अधर्माचे घर, म्हटले. मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी, त्याच्या पुत्राचे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता २०२३ पासून सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर, अशी नावांची परंपरा असलेल्या शहराच्या रहिवाशास यात नवल वाटण्याचे कारण नाही.

मुसलमानी दरबारांखेरीज आणखी एका वाटेने ही नावे महाराष्ट्रात आली ती स्वतः इस्राएलांबरोबर, आणि ती वाट घाटाखालची आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेल गाळून राहणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस शेजारी शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएलांनी शतकानुशतके इब्री भाषा जवळजवळ विसरूनही नावे सोडली नाहीत. फक्त त्यांस मराठी वेष चढविला. शमुवेलाचा समाजी, अब्राहामाचा अबाजी, बन्यामिनाचा बन्नाजी. मावळातल्या आबाजी-येसाजींच्या ओळीत ही माणसे उभी राहिली तर नावावरून निवड करणे कठीणच. मुंबईतले पहिले सिनॅगॉग १७९६ साली ज्याने बांधले, तो कंपनी सरकारच्या फौजेतला अंमलदार इब्री रीतीने शमुवेल यहेज्केल आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत समाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेत सापडला असता, कोणत्या जातीचा म्हणून विचारल्यावर 'बनी इस्राईल' असे उत्तर त्याने दिले आणि कुराणातून ऐकलेले ते नाव जिवंत माणसाच्या तोंडून ऐकून टिपूच्या आईने त्याची रदबदली केली, अशी कथा त्यांच्यात सांगतात. खरी असो वा नसो, इब्री नाव अरबी कानावर पडून मराठी माणसाचा जीव वाचल्याची ती कथा आहे. गावावरून आडनाव घेण्याची चाल त्यांनी आपलीच उचलली: दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर. नवस फेडताना आजही ते मलिदा करतात, भिजविलेल्या पोह्यांत खोबरे आणि साखर कालवून वर फळे ठेवतात, आणि ज्याच्या नावाने करतात तो एलियाहू हन्नबी; अलिबागेजवळच्या खंडाळ्यास त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे.

घाटमाथ्यावर, आमच्या मुलुखात, इब्री नावे मराठी रूपाने आली ती मिशनऱ्यांबरोबर, एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे एकाच नावाची अनेक रूपे येथे शेजारी नांदू लागली: औरंगाबादच्या शहागंजात याकूब, छावणीतल्या देवळाच्या नोंदवहीत याकोब, इंग्रजी शाळेच्या हजेरीपटावर जेकब, आणि इब्रीत तो टाच धरणारा, जुळ्या भावाची टाच धरून जन्मास आलेला आणि पुढे त्याच भावाचा वडीलकीचा हक्क लाटणारा, ज्यास मराठीत आपण पाय ओढणारा म्हटले असते. मराठी बायबलातील याकोब, शमुवेल, रिबका ही रूपे इंग्रजीपेक्षा इब्रीला जवळची आहेत, याचे श्रेय मूळ भाषा जाणणाऱ्या भाषांतरकारांचे. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी तर उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून अखेरपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, एकहाती भाषांतर तडीस नेले. पहिल्या पिढीतल्या विद्वान बाटलेल्यांनी स्वतःची नावे मात्र बदलली नाहीत: रमाबाई रमाबाईच राहिल्या, टिळक नारायण वामनच राहिले, आणि औरंगाबादेत मिशनचे काम करणारे पारशी गृहस्थ रेव्हरंड रत्नजी नवरोजी याच नावाने वावरले. नवी नावे आली ती मुख्यतः त्यांच्याकडून ज्यांच्या जुन्या नावात जपून ठेवण्यासारखे गावाने काही राहू दिले नव्हते. ज्याच्या बापाला वेशीबाहेरून धोंड्या, कचऱ्या अशी हाक पडे, त्याने मुलास दानीएल म्हणणे हे मी धर्मांतराइतकेच महत्त्वाचे कृत्य समजतो; हाक मारणाऱ्यास ते नाव तोडून मारता येत नव्हते.

जालन्याचे बेथेल ही या हकीकतीतली सर्वांत ठसठशीत वस्तू आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यासही तीच वाट धरावीशी वाटली, बापाने न्यायालयात जाऊन त्यास परत मिळविला, आणि त्यास पुन्हा जातीत घ्यावा की न घ्यावा यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत जी दुफळी माजली, तीत बाळशास्त्री जांभेकरांनी घेण्याच्या बाजूने कंबर कसली. श्रीपत घरी परतला. नारायणराव पुढे फ्री चर्चचे पाद्री होऊन निजामाच्या राज्यात जालन्यास आले. मांग समाजातील पुष्कळ कुटुंबे त्यांच्याभोवती जमली, आणि जुन्या गावकीत त्यांस ठिकाणा नसल्यामुळे निराळे गाव वसविणे भाग पडले. सर सालारजंगाच्या दिवाणगिरीत सरकारातून जमीन मिळाली आणि त्या माळावर घरे, विहिरी, शाळा आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले. गावाचे नाव त्यांनी बेथेल ठेवले. याकोबाप्रमाणेच घरदार सोडून उघड्यावर आलेल्या माणसांस ते नाव शोभत होते यात शंका नाही. तथापि बेथ म्हणजे घर आणि एल म्हणजे देव, आणि देवकुल या संस्कृत शब्दाचे मराठीत देऊळ होते, हे जुळवून पाहिले तर त्या नावाचे चोख मराठी देऊळगाव असे होईल. आणि देऊळगाव राजा जालन्याहून काही लांब नाही. ते देऊळगाव बालाजीचे, तिरुपतीच्या देवाचे. त्या देवाचा डोंगर तो शेषाद्री, आणि बेथेलच्या संस्थापकाने बापाकडून आलेले ते नाव नारायणासकट मरेपर्यंत लावले. मिशनच्या कागदांवर त्यांची सही त्याच नावाने होत राहिली.